पंपिंग कमी झालेल्या ज्येष्ठांचे विस्मरण: हट्ट, वय की आजाराचाच भाग?

कृष्णाकाठ

नमस्कार. हा धागा आमच्या नानांसाठी काढत आहे, पण अनेक घरांत हीच स्थिती असेल असे वाटते.

नानांचे वय ७८. जुनी अकरावी झाल्यावर ते महसूल खात्यात लागले, आधी तलाठी आणि शेवटची काही वर्षे मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त होईपर्यंत त्यांनी काम केले. सातबाऱ्यावर अर्ध्या गुंठ्याचा फरक दिसला तरी ते रात्री जेवण अर्धे टाकून दप्तर उघडत असत, हे मी लहानपणी पाहिलेले आहे. आठ वर्षांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका आला. त्यानंतर हृदयाचे पंपिंग, म्हणजे दर ठोक्याला हृदय आतल्या रक्ताचा किती भाग बाहेर ढकलते ते प्रमाण, हळूहळू उतरत गेले आणि मागच्या टू-डी इकोमध्ये ते ३० टक्के आले. फेब्रुवारीत फुप्फुसात पाणी झाल्यामुळे सहा दिवस त्यांना रुग्णालयात ठेवावे लागले. घरी सोडताना नऊ प्रकारच्या गोळ्या, मीठ कमी, दिवसभरात दीड लिटरच पाणी आणि रोज सकाळी वजन करून वहीत नोंदवणे, असे सगळे लिहून दिले होते.

वही नानांनी स्वतः आखली, अगदी दप्तरासारखी: तारीख, वेळ, वजन, शेरा. मी कोल्हापूरला असते आणि दर शनिवारी सांगलीला जाते. दोन आठवड्यांपूर्वी गेले तेव्हा वही उघडून पाहिली, तर सलग नऊ दिवस वजन ६१.४ लिहिलेले होते. अक्षर सुंदर, रेघ सरळ, तारखा बरोबर. मात्र नानांच्या पायावर बोट दाबले तर खळगा पडत होता. त्यांना काट्यावर उभे केले, तर वजन ६४.२ भरले. मी विचारले, "नाना, रोज वजन करता ना?" त्यांनी वहीकडे बोट दाखवले आणि म्हणाले, "लिहिलेले आहे की."

त्यांच्या चेहऱ्यावर खोटेपणाचा लवलेशही नव्हता. नोंद करण्याचे काम हाताला आठवत होते, आणि त्याआधीची काट्यावर उभे राहण्याची पायरी कुठेतरी गळून पडली होती.

आई म्हणते वय झाले. पुण्याचा भाऊ म्हणतो नाना हट्टी झाले आहेत, सांगितलेले मुद्दाम करत नाहीत. मला दोन्ही पटत नाही, कारण वसंत पंचमी कोणत्या दिवशी होती, कोणत्या गटाची मोजणी कोणत्या साली झाली, हे ते आजही न चुकता सांगतात. मग गळते आहे ते नेमके काय, आणि त्याचा हृदयाशी संबंध आहे का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

गोदातीर

मी नाशिकला चाळीस वर्षे फिजिशियन म्हणून काम केले आणि आता निवृत्त आहे. नानांना मी तपासलेले नाही, त्यामुळे हा सल्ला नव्हे, माहिती समजावी. पण आपण सांगितलेली वहीची गोष्ट वाचून हात थांबला, कारण असे कितीतरी रुग्ण माझ्यासमोर बसून गेले आणि त्यांच्या घरच्यांना मीसुद्धा सुरुवातीच्या काळात "समजावून सांगा त्यांना" एवढेच म्हणत असे.

संबंध आहे, आणि तो जुना माहीत असलेला आहे. १९७७ साली 'द लॅन्सेट' या नियतकालिकाने संपादकीयातून हृदयजन्य स्मृतिभ्रंश असा शब्दच वापरला होता. नंतरच्या पाहण्यांत हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदय दुबळे होऊन शरीराला पुरेसे रक्त न पोहोचवण्याच्या आजाराच्या, रुग्णांपैकी कमीत कमी चौथा हिस्सा आणि काही ठिकाणी पाऊण हिस्सा रुग्णांमध्ये बौद्धिक क्षमतेची काही ना काही घट आढळली. आकड्यांत एवढी तफावत येते, कारण कोणत्या चाचणीने मोजले आणि रुग्ण बाह्यरुग्ण विभागातले होते की वॉर्डातले, यावर बरेच अवलंबून असते.

कारण समजायला कठीण नाही. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी सुमारे १५ टक्के रक्त एकट्या मेंदूला लागते. निरोगी शरीरात रक्तदाब थोडा खालीवर झाला तरी मेंदूच्या रक्तवाहिन्या स्वतःला आकसून किंवा रुंदावून पुरवठा एकसारखा ठेवतात. हृदय दीर्घकाळ दुबळे राहिले की ही सांभाळून घेण्याची ताकदही कमी होते. २००१ साली डेन्मार्कमधील डॉक्टरांनी गंभीर हार्ट फेल्युअरच्या रुग्णांमध्ये मेंदूचा रक्तपुरवठा मोजला, तेव्हा तो निरोगी माणसांपेक्षा ३१ टक्क्यांनी कमी निघाला, आणि ज्यांचे हृदय प्रत्यारोपण झाले त्यांच्यात पहिल्या महिन्यातच तो पूर्ववत झाला. हा निष्कर्ष मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगत असे, कारण त्यातून कळते की घटीचा काही भाग तरी कायमचा नसतो.

अर्थात रक्त कमी पोहोचणे हे एकच कारण नाही. हृदयाचे ठोके अनियमित पडत असतील, ज्याला आपण एट्रियल फिब्रिलेशन म्हणतो, तर बारीक गुठळ्या मेंदूत जाऊन लक्षणेही न दाखवता छोटे छोटे आघात होत राहतात. त्यात भर म्हणून जुना रक्तदाब, मधुमेह, शरीरात सतत धुमसणारा दाह आणि रात्री झोपेत थांबत थांबत चालणारा श्वास.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. या आजारात बहुधा आधी ढासळते ते लक्ष एकाग्र ठेवणे, विचाराचा वेग, आणि चार पायऱ्यांचे काम क्रमाने आखून पार पाडणे. नवीन गोष्ट लक्षात ठेवणेही मंदावते, मात्र जुन्या आठवणी आणि आयुष्यभर गिरवलेली कामे पुष्कळ काळ शाबूत राहतात. म्हणून नाना मोजणीचे साल सांगू शकतात आणि नवी कोरी सकाळची कृती मात्र अर्धवट राहते. घरच्यांना हे विसंगत वाटते आणि "हवे तेव्हा बरे आठवते" असा आरोप होतो. तो आरोप अन्यायाचा आहे.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. हार्ट फेल्युअरमध्ये आपण रुग्णाकडून ज्या अपेक्षा ठेवतो, त्या मेंदूच्या दृष्टीने अवघड कामे आहेत. वजन करायचे, कालच्या आकड्याशी ताडून पाहायचे, तीन दिवसांत दोन किलोंपेक्षा जास्त वाढले तर डॉक्टरांना कळवायचे, दम लागतो आहे तो जिन्यामुळे की पाण्यामुळे हे ओळखायचे, जेवणातले मीठ आणि पेल्यातले पाणी मनात धरून ठेवायचे. हे सगळे ज्या क्षमतेवर चालते तीच क्षमता आजार हिरावून घेतो, आणि मग औषधे चुकतात, पाणी साठते, रुग्णालय गाठावे लागते, आणि तिथून परत येताना क्षमता आणखी एक पायरी खाली आलेली असते. हे चक्र कुठे तोडता येईल, ते बघायला हवे.

देशावरचा

डॉक्टरसाहेबांच्या अनुभवाचा पूर्ण आदर राखून लिहितो. माझे वडील ८१ वर्षांचे आहेत, त्यांना हृदयाचा कसलाही त्रास नाही, तरीही तेही विसरतात. प्रत्येक गोष्टीला आजाराचे नाव दिले की म्हातारपण म्हणजे नुसत्या तपासण्यांची रांग होते. काही गोष्टी वयाच्या म्हणून स्वीकारायला काय हरकत आहे?

गोदातीर

@देशावरचा, आपला मुद्दा योग्य ठिकाणी योग्य आहे. चष्मा कुठे ठेवला ते विसरणे आणि नाव ओठांवर येऊन अडकणे यासाठी मी कुणालाही तपासण्यांना पाठवणार नाही. पण दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात.

पहिली म्हणजे हा आजार आपल्याकडे फार म्हाताऱ्यांचा नाही. तिरुवनंतपुरमच्या नोंदवहीत २०१३ या एका वर्षात जिल्ह्यातल्या १८ रुग्णालयांतून हार्ट फेल्युअरने दाखल झालेल्या १,२०५ रुग्णांची नोंद झाली, त्यांचे सरासरी वय ६१ होते. पाश्चात्त्य देशांत हे वय सत्तरीच्या पुढे असते. साठीतला माणूस लक्षाच्या कामात अडखळू लागला तर त्याला वय म्हणून सोडून देता येईल का?

दुसरी गोष्ट अशी, की वय आहे असे म्हटले की शोध थांबतो. या रुग्णांमध्ये विस्मरणाच्या मागे कितीतरी वेळा दुरुस्त होणारी कारणे सापडतात, म्हणून मी तपासणीचा आग्रह धरतो. रक्तातले सोडियम १३५ च्या खाली गेलेले आहे का, हे सर्वांत आधी पाहावे, कारण हृदयाच्या दुबळेपणात आणि लघवीच्या गोळ्यांमुळे ते बऱ्याचदा उतरते आणि फार उतरले तर माणूस गोंधळतो, सुस्त होतो, पडतो. मग हिमोग्लोबिन, थायरॉइड, क्रिएटिनिन, साखर आणि जीवनसत्त्व ब-१२. शाकाहारी माणूस आणि त्यात वर्षानुवर्षे मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू, असे असेल तर ब-१२ पाहिल्याशिवाय पुढे जाऊच नये. झोपलेला आणि उभा असतानाचा रक्तदाबही मोजावा. उभे राहिल्यावर वरचा आकडा २० ने किंवा त्याहून अधिक पडत असेल, तर मेंदूला दिवसातून कितीतरी वेळा उपाशी राहावे लागते.

मुक्काम_मिरज

माझे औषधांचे दुकान आहे आणि मी नोंदणीकृत फार्मासिस्ट आहे. काउंटरच्या या बाजूने जे दिसते ते लिहितो.

हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी एक असते, पण घरातला गोळ्यांचा डबा तीन-चार डॉक्टरांचा आणि शेजाऱ्यांच्या सल्ल्यांचा मिळून बनलेला असतो. झोप येत नाही म्हणून कुणीतरी कधीतरी दिलेली अल्प्राझोलॅम वर्षानुवर्षे चालू राहते. सर्दीसाठी क्लोरफेनिरामिन असलेली गोळी, पाय जळजळतात म्हणून अमिट्रिप्टिलिन, लघवी वारंवार होते म्हणून ऑक्सिब्युटिनिन. यांपैकी एकेक गोळी तरुण माणसाला विशेष काही करत नाही, पण ज्येष्ठांच्या मेंदूवर त्यांचा एकत्रित धुरकट पडदा पडतो. गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन तर या रुग्णांनी स्वतःहून मुळीच घेऊ नये, कारण त्याने शरीरात पाणी आणि मीठ साठते आणि मूत्रपिंडावर ताण येतो. हृदयासाठीचे डिजॉक्सिन चालू असेल आणि मळमळ, पिवळसर दिसणे, गोंधळ असे एकत्र सुरू झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

मात्र हे वाचून कुणी झोपेची गोळी एकदम बंद करू नये. तीही डॉक्टरांच्या सांगण्यावरून टप्प्याटप्प्याने कमी करायची असते.

@कृष्णाकाठताई, एक करा. पुढच्या भेटीला जाताना चिठ्ठ्या नेऊ नका, घरातल्या सगळ्या गोळ्या, चूर्णे, बाटल्या, मलमे एका पिशवीत भरून ती पिशवीच टेबलावर ठेवा. आणि आठवड्याच्या सात खणांचा सकाळ-दुपार-रात्र असा डबा घ्या. तो नानांनी भरायचा नाही. भरायचे काम दुसऱ्याचे, घ्यायचे काम त्यांचे. दिवसातून पाच वेळांच्या गोळ्या दोन किंवा तीन वेळांवर आणता येतील का, हेही डॉक्टरांना विचारा, बऱ्याचदा येतात.

अंगणवेल

माझ्या सासूबाईंच्या बाबतीत हे सगळे होऊन गेले आहे, म्हणून लिहिते. त्यांना दाखल केल्यावर तिसऱ्या रात्री त्या अचानक मला ओळखेनाशा झाल्या, सलाइन ओढून काढू लागल्या, भिंतीवर माणसे दिसतात म्हणू लागल्या. आम्ही समजलो की आता स्मृतिभ्रंश पूर्ण झाला. एका वयस्कर सिस्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितले, की हे तात्पुरते भ्रमाचे सावट आहे, दोन दिवसांत हळूहळू उतरेल. त्यांनी सासूबाईंचा चष्मा आणि कानाचे यंत्र मागवून घेतले, पलंग खिडकीकडे वळवला, रात्री दिवे मंद ठेवले आणि घरचे एकच माणूस सतत जवळ बसेल असे पाहिले. चौथ्या दिवशी सासूबाईंनी मला नावाने हाक मारली.

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. घरी आल्यावर आम्ही त्यांची बुद्धीची चाचणी करून घेतली, पण ती कशाची आहे हे त्यांना सांगितले नाही. रक्तदाबाच्या तपासणीचा भाग आहे, असे म्हटले. त्यांना कळले तेव्हा त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. आजही तो प्रसंग आठवला की वाईट वाटते. नानांना सांगून न्यावे की न सांगता?

कृष्णाकाठ

@अंगणवेल, आपण हे लिहिले याबद्दल मनापासून आभार. माझ्याही मनात नेमकी हीच भीती आहे. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या नोंदी तपासल्या, त्याला "तुमचे डोके तपासायचे आहे" हे कोणत्या तोंडाने सांगावे?

लंडननिवासी

मी मूळचा डोंबिवलीचा, गेली सव्वीस वर्षे लंडनमध्ये आहे. माझ्या आईला इथे हार्ट फेल्युअर झाले तेव्हाचा अनुभव सांगतो. इथल्या सरकारी आरोग्यसेवेत या आजारासाठी वेगळ्या प्रशिक्षित परिचारिका असतात आणि रुग्णालयातून सुटल्यावर आमच्याकडे अशीच एक परिचारिका घरी येत असे. तिची एक पद्धत मला फार आवडली. ती आईला सूचना देत असे आणि मग म्हणत असे, "मी नीट सांगितले की नाही ते मला पाहायचे आहे, तर आता तुम्ही मला सांगा." परीक्षा आईची नव्हती, परिचारिकेच्या सांगण्याची होती. आईला त्यात कमीपणा वाटला नाही, आणि ती कुठे अडखळते हे मात्र दोघींनाही कळत गेले.

चाचणीविषयी तिने सरळ सांगितले होते: "हृदयाचा परिणाम मूत्रपिंडावर होतो म्हणून आपण रक्त तपासतो, तसाच तो लक्ष आणि स्मरणशक्तीवरही होतो म्हणून तेही तपासतो." आईने काही न बोलता चाचणीतले घड्याळाचे चित्र काढून दाखवले.

गोदातीर

@लंडननिवासी यांनी लिहिले आहे त्याच शब्दांत सांगावे, असे मी सुचवेन. फसवून चाचणी करू नये. एक तर विश्वास जातो, आणि दुसरे म्हणजे रुग्णाला स्वतःच्या अडचणीची पुष्कळदा आपल्याआधी जाणीव झालेली असते, ती बोलायला त्याला वाट हवी असते.

चाचण्यांबद्दल थोडे. मिनी-कॉग ही सर्वांत छोटी: तीन शब्द लक्षात ठेवायचे, मध्ये घड्याळाचे चित्र काढून अकरा वाजून दहा मिनिटे दाखवायची, मग ते तीन शब्द सांगायचे. पाच गुणांपैकी तीनपेक्षा कमी आले तर पुढे तपासावे. मॉन्ट्रियलमध्ये तयार झालेली आणि २००५ साली प्रसिद्ध झालेली मोका ही चाचणी ३० गुणांची आहे. लक्ष, आखणी आणि वेग यांतली घट ती जुन्या चाचण्यांपेक्षा चांगली पकडते, म्हणून हृदयाच्या रुग्णांसाठी ती मला अधिक योग्य वाटते. २६ पासून पुढे सर्वसाधारण समजतात आणि बारावी किंवा त्याहून कमी शिकलेल्यांना एक गुण वाढवून देतात. ती मराठीतूनच करून घ्यावी. आणि शाळेचे तोंड न पाहिलेल्या आजींना त्याच मोजपट्टीने मोजून स्मृतिभ्रंशाचा शिक्का मारू नये, ही चूक मी होताना पाहिली आहे. कान आणि डोळे आधी तपासावेत, कारण शब्द ऐकूच आला नाही तर तो आठवणार कसा? चाचणी दाखल असताना किंवा पाणी साठलेले असताना करू नये, प्रकृती स्थिर झाल्यावर करावी.

मनाच्या खिन्नतेचा विषय अजून कुणी काढला नाही. या आजारात ती फार आढळते आणि विस्मरणासारखीच दिसते. माणूस बोलत नाही, वर्तमानपत्र उघडत नाही, विचारले तर "माहीत नाही" म्हणतो. मात्र नुसती गोळी देऊन काम होते असे नाही. जर्मनीतल्या एका मोठ्या अभ्यासात एस्सिटालोप्राम या खिन्नतेवरच्या गोळीचा हार्ट फेल्युअरच्या रुग्णांना बनावट गोळीपेक्षा अधिक उपयोग दिसला नाही. माणसे, चालणे आणि ऐकून घेणारे कुणीतरी यांना पर्याय नाही.

शुक्रतारा

माझ्या काकांना हार्ट फेल्युअरसाठी सॅक्युबिट्रिल आणि व्हल्सार्टन यांची एकत्रित गोळी सुरू केली आहे. ती मेंदूत घातक प्रथिन साठवते आणि अल्झायमर होतो, असा संदेश आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप गटावर फिरत आहे. काकूंनी गोळी बंद केली. कृपया कुणी स्पष्ट करावे.

गोदातीर

@शुक्रतारा, काकूंना आजच फोन करून डॉक्टरांशी बोलायला सांगा. शंका मुळात निराधार नव्हती. या गोळीतला एक घटक नेप्रिलायसिन नावाचे विकर रोखतो, आणि तेच विकर मेंदूतले अमायलॉइड हे प्रथिनही मोडते, म्हणून संशोधकांनाच ती शंका आली होती. ती तपासण्यासाठी ५९२ रुग्णांवर तीन वर्षे चाललेला परस्पेक्टिव्ह नावाचा अभ्यास झाला आणि २०२२ मध्ये त्याचा निकाल जाहीर झाला. ती गोळी घेणारे आणि नुसते व्हल्सार्टन घेणारे यांच्या बौद्धिक क्षमतेत फरक आढळला नाही. तो अभ्यास ४० टक्क्यांहून अधिक पंपिंग असलेल्यांवर होता हे खरे, पण संदेश वाचून गोळी सोडण्याने होणारे नुकसान प्रत्यक्ष आणि जवळचे आहे.

देशावरचा

माझ्या आधीच्या प्रतिसादाबद्दल मी दोन दिवस विचार केला. वडिलांना हृदयाचा त्रास नसला तरी ब-१२ तपासायला काय हरकत आहे, असे वाटून रक्त देऊन आलो.

शब्दकोडी, सुडोकू, मोबाइलवरचे मेंदूचे खेळ यांचा उपयोग होतो का, हे विचारायचे आहे.

अंगणवेल

आमच्या घरी मोबाइलचे खेळ दोन दिवस चालले. सासूबाई ज्या कामात रमल्या ते म्हणजे भाजी निवडणे आणि शेजारच्या मुलीला ओव्या म्हणून दाखवणे.

गोदातीर

खेळाने तो खेळ चांगला येऊ लागतो, रोजच्या कामात त्याचा कितपत फायदा होतो याबद्दल पुरावा कमकुवत आहे. आवडत असेल तर खेळावे, सक्ती करू नये. हृदयाच्या रुग्णासाठी देखरेखीखाली केलेला व्यायाम मला कितीतरी अधिक मोलाचा वाटतो. अमेरिकेत २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत हार्ट फेल्युअरमुळे दाखल झालेल्या ज्येष्ठांना तोल, ताकद, चालणे आणि दमसास यांचा वैयक्तिक आखणीचा सराव दिला गेला, आणि तीन महिन्यांत त्यांची हालचाल स्पष्टपणे सुधारली. चालता येणारा माणूस देवळापर्यंत जातो, चार जणांशी बोलतो, आणि मेंदूला खरे काम तिथे मिळते. सुरुवात घरातल्या घरात पाच-पाच मिनिटांनी करावी, चालताना पूर्ण वाक्य बोलता येईल एवढाच वेग ठेवावा.

मुक्काम_मिरज

एक व्यवहाराची गोष्ट राहून जाते. बँकेतले नामनिर्देशन, सह्या, मृत्युपत्र, आजारपणात कुणी निर्णय घ्यायचे, ही बोलणी आई-वडिलांची समज चांगली असतानाच, त्यांच्या समक्ष करावीत. ज्यांची मुले परगावी आहेत त्यांनी ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी १४५६७ हा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवावा.

कृष्णाकाठ

धागा काढून सात आठवडे झाले. ज्यांनी वेळ काढून लिहिले त्यांना काय झाले ते कळवणे माझे कर्तव्य आहे.

मी पिशवी घेऊन गेले. पिशवीत एकूण चौदा औषधे निघाली. त्यांत झोपेची एक गोळी होती, जी सहा वर्षांपूर्वी आत्याच्या निधनानंतर सुरू झाली होती आणि कुणीच बंद केली नव्हती, आणि गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅकही होते, जे आई "साधी दुखण्याची गोळी" म्हणून देत असे. सोडियम १२६ निघाले, ब-१२ बरेच कमी. डायक्लोफेनॅक त्याच दिवशी थांबवले, झोपेची गोळी हळूहळू उतरवत आणली, लघवीच्या गोळ्यांचे प्रमाण बदलले, ब-१२ ची इंजेक्शने सुरू झाली. गोळ्या घेण्याच्या वेळा पाचवरून तीनवर आल्या.

सोडियम जागेवर आल्यावर चाचणीचे बोलणे मी काढले. हृदयाचा परिणाम मूत्रपिंडावर होतो तसा लक्षावरही होतो, हे @लंडननिवासी यांचे वाक्य जसेच्या तसे वापरले. नाना थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मला वाटलेच होते. जोडाक्षरे लिहिताना हात थांबतो हल्ली." ही गोष्ट त्यांनी आईलाही सांगितलेली नव्हती. मोकामध्ये वाढीव गुण धरून २१ आले. घट आहे, ती पूर्ण जाणार नाही, आणि सहा महिन्यांनी पुन्हा पाहायचे आहे, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. पण दुपारची सुस्ती गेली आहे, पायावर सूज नाही, आणि भावाने मागच्या आठवड्यात नानांना फोन करून "मी तुम्हाला हट्टी म्हणालो, चुकलो" असे सांगितले. नाना त्यावर काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी त्यांनी दोनदा त्याची चौकशी केली.

वहीचे काय करावे हे मात्र मला सुचत नव्हते. ती काढून घेऊन आईकडे देणे सोपे होते, पण नानांच्या हातातून लेखणी काढून घेतल्यासारखे झाले असते. शेवटी त्यांनीच मार्ग काढला. फेरफाराची नोंद तलाठ्याने कितीही बरोबर केली तरी मंडळ अधिकाऱ्याने ती प्रमाणित केल्याशिवाय कायम होत नाही, असे ते म्हणाले, आणि वहीत पट्टीने पाचवा रकाना आखला. आता रोज सकाळी काटा चहाच्या ओट्याशेजारी ठेवलेला असतो, नाना त्यावर उभे राहतात, आकडा मोठ्याने वाचतात आणि लिहितात. आई चष्मा लावून काट्यावरचा आकडा पाहते आणि शेवटच्या रकान्यात सही करते. काल मी पाहिले: ६१.८, ६१.६, ६२.०, ६१.७, आणि प्रत्येकासमोर आईची सही. गुरुवारच्या नोंदीसमोर सही नव्हती, कारण आई लग्नाला गेली होती. तिथे नानांनी शेऱ्यात लिहिले आहे, "प्रमाणित होणे बाकी."